मी स्वतः जाऊन तपासले

मास्तरांचा राग जमिनीखाली जितका खुलायचा तितका वर कधीच खुलत नसे. वर ते जरा चिडके वाटायचे, एवढंच. रांगेत कुणी मध्ये घुसला की डोळे वटारायचे, बसमध्ये कुणी पाय पसरून बसला की त्याच्या पायाकडे असं बघायचे की तो आपोआप आखडून घ्यायचा. पण एकदा खाणीचा पिंजरा खाली उतरला, लोखंडी दार खडखडलं आणि टोपीवरचे दिवे पेटले की मास्तरांच्या तोंडाचा पट्टा सुटलाच म्हणून समजा.

हे मास्तर काही शाळेतले नव्हेत. कोळशाच्या खाणीत दुपारच्या पाळीचे सुपरवायझर. एका हातात खडू, दुसऱ्या हातात लोखंडी टोकाची काठी आणि येताजाता साठ माणसांवर खेकसणं, असा अवतार असल्यावर लोक दुसरं काय नाव ठेवणार?

खडू आणि काठी दोन्ही कायद्याने दिलेली होती. दुपारची पाळी तीनला सुरू व्हायची. त्याआधीच्या दोन तासांत मास्तरांनी कोळसा फोडायच्या नऊच्या नऊ जागी स्वतः जायचं, काठीनं छत ठोकून बघायचं, यंत्रानं वायू मोजायचा, टेकू हलवून बघायचे. जागा ठीक असेल तर तिथल्या दगडावर खडूनं तारीख घालायची आणि आपल्या सहीचं अक्षर काढायचं. नसेल तर दोन फळ्या फुलीसारख्या ठोकून वाट बंद करायची. मग परत येऊन तपासणीच्या वहीत प्रत्येक जागेपुढे सही करायची. त्या वहीत नऊ ओळी छापलेल्या होत्या आणि प्रत्येक ओळीत तेच वाक्य होतं: हे ठिकाण मी स्वतः जाऊन तपासले. नऊच्या नऊ सह्या पडल्याशिवाय एकाही माणसानं पुढे पाऊल टाकायचं नाही.

छत ठोकायची विद्या मास्तरांच्या हातात होती, हे त्यांचे शत्रूही मान्य करायचे. घट्ट छत ठणठणीत वाजतं. आतून सुटलेलं छत बद्द वाजतं, तडा गेलेल्या मडक्यासारखं. तेवीस वर्षांत मास्तरांचा कान एकदाही चुकला नव्हता. त्यामुळे आत शिरणारा माणूस आधी खडूची खूण शोधायचा. ती दिसली की डबा खुंटीला लावून कामाला लागायचा. वरती बसलेल्या साहेबावर कुणाचा विश्वास असो वा नसो, मास्तरांच्या खडूवर सगळ्यांचा होता.

आणि म्हणून शिव्याही खपवून घेतल्या जायच्या. खिशात काडेपेटी सापडलेल्या एकाला मास्तरांनी सगळ्यांसमोर विचारलं होतं, "सरणाची एवढी घाई असेल तर एकटा जा ना बाबा, साठ जणांना कशाला सोबत नेतोस?" शेवटच्या टेकूच्या पुढे कुणाचं नुसतं कोपर दिसलं तरी त्यांच्या तळपायाची आग मस्तकात जायची. "त्या टेकूच्या पुढचं छत तुझ्या सासऱ्यानं धरून ठेवलंय का?"

सगळ्यात जास्त बोलणी खायचा तो लांब्या. टेकू लावणारा. देवानं त्याला उंची देताना पुढे तो कुठं काम करणार आहे ते विचारलंच नव्हतं. खाणीतल्या बुटक्या वाटांमधून तो घडी घातलेल्या खाटेसारखा वाकून फिरायचा आणि दिवसातून दहा वेळा त्याची टोपी छताला आपटायची. स्वभावानं इतका मवाळ की तो बोलला की समोरच्याला कान पुढे करावा लागे. मास्तरांना त्याचाच संताप. "तोंडात बोळा कोंबलाय का तुझ्या? मोठ्यानं बोल! खाण आहे ही, मुलगी बघायला आलास का?" लांब्या हसायचा आणि पुन्हा तितकंच हळू बोलायचा.

आता गुडघा. मास्तरांचा डावा गुडघा दोन वर्षांपासून कुरकुरत होता आणि त्या वर्षी तो उघड उघड भांडायला लागला. डॉक्टरनं सांगितलं, रांगायचं नाही. मास्तर डॉक्टरवरच उखडले. नियमाप्रमाणे त्यांनी वर कळवायला हवं होतं की माझ्याच्यानं आता सगळीकडे जाणं होत नाही. मग त्यांना वर स्टोअरमध्ये फावडी देण्या-घेण्याचं काम मिळालं असतं. काठी नाही, खडू नाही, कुणावर ओरडणं नाही. मास्तरांनी डॉक्टरनं दिलेला गुडघ्याचा कागद घरी पत्र्याच्या पेटीत गाद्यांखाली ठेवला आणि बायकोला सांगितलं, "कुणाला बोललीस तर बघ."

आठ जागा लंगडत होत होत्या. नववीचा प्रश्न होता. नऊ नंबरला जायची वाट बुटकी, चाळीस पावलांची, आणि ती पावलंही म्हणायलाच. सगळं अंतर गुडघ्यांवर जायचं.

सकाळच्या पाळीचे सुपरवायझर म्हणजे मास्तरांचे व्याही. तसे ते आधी मित्र. दोघं एकाच दिवशी खाणीत लागलेले, एकमेकांच्या डब्यात हात घालत म्हातारे होत आलेले. मग मास्तरांची मुलगी व्याह्यांच्या मुलाला दिली आणि दोघांच्या बायकांनी दटावलं की आता अरेतुरे बस, चारचौघांत अहोजाहो करायचं. त्यामुळे जमिनीवर दोघं "अहो व्याही, बसा" असं नाटक करायचे आणि पिंजऱ्याचं दार लागलं की पुन्हा "काय रे भामट्या" वर यायचे.

व्याह्यांनी एकदा मास्तरांना नऊच्या तोंडाशी दात-ओठ खात बसलेलं पाहिलं.

"काय रे, उठवत नाही का?"

"गप. श्वास घेतोय."

"मी मघाशीच नऊ बघून आलो. बारा वाजता. छत एकदम झकास. तुझी खूण पण करून ठेवू का उद्यापासून? मी तर जातोच आत."

मास्तर त्याच्यावर इतके भडकले की काठी आपटली. "माझी खूण तू करणार? उद्या माझी सही पण कर! परवा माझ्या बायकोला..." आणि मग गुडघ्यातून कळ आली, वाक्य तिथंच राहिलं. दुसऱ्या दिवशी नऊमधून येताना व्याह्यांनी मास्तरांच्या अक्षराची खूण करून ठेवली. मास्तर नऊच्या तोंडापाशी आले, वाटेकडे बघितलं, आणि वहीत नववी सही करून मोकळे झाले.

असे चार महिने गेले. या चार महिन्यांत मास्तर पूर्वी कधी नव्हते इतके कडक झाले होते. आठ जागी ते छत ठोकताना काठी तुटेल असं ठोकायचे, सैल टेकूसाठी माणसाचा उद्धार करायचे. सोबतच्यांना वाटायचं, म्हातारपणी धार वाढतेय. मास्तरांनाही तसंच वाटत असावं. चोरी एका ठिकाणी करायची आणि बाकी आठ ठिकाणी पहारेकरी होऊन फिरायचं, यात माणसाला स्वतःबद्दल बरं वाटतं. निदान रागाच्या भरात तरी वाटतं.

एक बारीकशी गोष्ट होती. व्याह्यांना सहीखाली रेघ ओढायची सवय होती. मास्तरांच्या अक्षराखालीही ते सवयीनं रेघ ओढायचे. मास्तर आयुष्यात कधी रेघ ओढत नसत. नऊ नंबरला काम करणाऱ्यांनी ती रेघ रोज बघितली असणार. त्यांना काय, आजची तारीख दिसली की झालं.

तो दिवस मंगळवार होता. तीन वाजून गेले होते. मास्तर वाटेच्या तिठ्यावर उभे राहून रुळावरून कोळशाचे डबे ढकलणाऱ्या एका डबेवाल्याची हजेरी घेत होते, कारण त्यानं चाकाखाली अडकण न लावता डबा सोडला होता. मास्तरांचा आवाज टिपेला पोचला होता. तेवढ्यात नऊच्या वाटेतून लांब्या रांगत बाहेर आला, उभा राहिला, टोपी छताला आपटली.

"मास्तर," तो म्हणाला.

"थांब रे! दिसत नाही का मी बोलतोय?"

तो थांबला. मास्तरांचं डबेवाल्याशी संपल्यावर पुन्हा म्हणाला, "नऊमध्ये बारीक खडे गळतायत. एकदा बघता का?"

"काय? तोंड उघडून बोल!"

"खडे गळतायत छतातून. बारीक बारीक."

"खूण दिसली का तुला?"

"दिसली."

"आजची तारीख?"

"आजचीच आहे."

"मग? डोळे फुटलेत का? तेवीस वर्षं छतं ठोकतोय मी, आणि तू मला शिकवणार? कामाला सुरुवात नको, नुसती निमित्तं हवीत. चल, लाग कामाला!"

लांब्या म्हणाला, "तसं नाही हो मास्तर," आणि वाकून परत आत गेला.

तो काही मूर्ख नव्हता. आत जाऊन त्यानं पहिलं काम केलं ते एक जादा टेकू उभा करायचं. जोडीदाराला आणखी लाकडं आणायला पाठवलं. व्याह्यांनी छत ठोकलं होतं बाराला. त्यानंतर सकाळच्या पाळीनं तिथून आणखी एक फेर कोळसा काढला होता आणि त्या तीन तासांत वरचा दगड हळूहळू सुटत आला होता. एक वाजल्यानंतर कुणी नुसती काठी लावली असती तरी तो बद्द वाजला असता. पण एक वाजल्यानंतर तिथं काठी घेऊन कुणी गेलंच नव्हतं.

दगड पडल्याचा आवाज तिठ्यापर्यंत आला. सगळ्यांच्या आधी आत शिरले ते मास्तर. चाळीस पावलं ते रांगत गेले, गुडघ्याचं नावही न घेता. म्हणजे जाता येत होतं. चार महिने रोज जाता आलं असतं, दुखलं असतं इतकंच.

लांब्याचा डावा पाय मांडीपासून दगडाखाली होता. तो शेवटच्या टेकूच्या अलीकडेच पडला होता, हातात नव्या टेकूची पाचर तशीच. ओरडत नव्हता. ओरडायची त्याला सवयच नव्हती. दगड बाजूला करायला जॅक येईपर्यंत मास्तर त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसले, आणि त्यांच्या टोपीवरच्या दिव्याच्या उजेडात पडलेल्या दगडाची कड दिसत होती. तिच्यावर खडूनं आजची तारीख होती, मास्तरांचं अक्षर होतं, आणि खाली सरळ, नीट ओढलेली रेघ.

पाय गेला. गुडघ्याच्या वरून कापावा लागला. ज्या गुडघ्यासाठी हे सगळं झालं तो मात्र मास्तरांच्या पायात शाबूत होता.

दुसऱ्या दिवशी मॅनेजर साहेबांनी मास्तरांना ऑफिसात बोलावलं, खुर्ची दिली. एवढ्या वर्षांत खुर्ची पहिल्यांदाच.

"काळजी करू नका," साहेब म्हणाले. "वही स्वच्छ आहे. खुणेचा फोटो काढून ठेवलाय. तुम्ही तपासलं होतं, जागा सुरक्षित होती. मग छत पडलं कसं? तर तो शेवटच्या टेकूच्या पुढे गेला आणि घाईत चालू टेकूला धक्का लागला. कायद्यात कामगाराचंही कर्तव्य लिहिलेलं आहे. आपली जागा आपण बघायची, टेकूच्या पुढे जायचं नाही."

मास्तरांचा हात गुडघ्यावर गेला.

"आणि तुम्ही तर त्याला रोज बजावत होता. साठ जण साक्ष देतील. शुक्रवारी खाण निरीक्षक येतायत, चौकशीत तेवढं सांगा. त्याच्याकडून एका कागदावर सही घेतोय, म्हणजे विषय मिटला. दोषी ठरला तर कंपनीची खोली सोडावी लागेल त्याला, वर हलकं काम पण मिळणार नाही. वाईट वाटतं. पण नियम म्हणजे नियम."

यावर मास्तरांना संताप आला, आणि लाज वाटण्यासारखी गोष्ट सांगायची तर तो संताप आला लांब्याचा. गेला असेल पुढे. गाढव. शंभरदा सांगितलं होतं. घरी जाईपर्यंत त्यांनी हा राग जपून नेला, वारा लागू न देता. हातात टेकूची पाचर धरून शेवटच्या टेकूच्या अलीकडे पडलेला माणूस त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघितला होता. तरीही.

संध्याकाळी ते दवाखान्यात गेले. सहा खाटांचा वॉर्ड, भिंतीला तेलकट हिरवा रंग. लांब्याची खाट त्याला इथंही पुरली नव्हती, उरलेला एक पाय बाहेर आला होता. बायको स्टुलावर बसली होती, आणि तिच्या मुठीत तो कागद चुरगळलेला होता.

"तुम्हीच सांगा यांना," ती मास्तरांना बघताच उसळली. "सही करतो म्हणतात! मी टेकूच्या पुढे गेलो होतो म्हणे. हा माणूस? घरी कपाट हलतंय म्हणून याने चारही पायांखाली पाचरी ठोकल्यात. पाळण्याची दोरी रोज ओढून बघायचा. हा जाईल पुढे?"

"अगं, थांब," लांब्या म्हणाला. औषधानं त्याचा आवाज आणखी खाली गेला होता. मास्तरांना वाकावं लागलं. "मला नीटसं आठवत नाही मास्तर. मी पुढे गेलो नव्हतो असं वाटतंय. पण तुम्ही छत ठोकलेलं होतं. खूण होती. म्हणजे छत चांगलंच होतं. मग चूक माझीच झाली असणार ना?"

मास्तरांनी त्याच्या बायकोच्या मुठीतल्या कागदाकडे बघितलं.

"तुम्ही म्हणाल तर करतो सही."

"शुक्रवारपर्यंत करू नकोस," मास्तर कसेबसे म्हणाले आणि निघाले. बाहेर व्हरांड्यात फरशी ओली होती. ते पुसणाऱ्यावर असे तुटून पडले की नर्स धावत आली. "माणसं पडून मरतील! पाटी कुठाय? ओल्या फरशीची पाटी कुठाय?" तो बिचारा बघतच राहिला. मास्तरांच्या डोळ्यांत पाणी कशाला, ते त्याला कळेना.

घरी बायकोनं ताट वाढलं, त्यांनी बाजूला सारलं आणि सगळं सांगून टाकलं. खूण, रेघ, चार महिने, खडे गळतायत म्हणून सांगायला आलेला लांब्या. तिनं ताटावर दुसरं ताट झाकलं. मग म्हणाली, "तुमचं तुम्ही सांगा. मी अडवणार नाही. पण अहो, व्याह्यांचं नाव निघालं तर पोरीनं त्या घरात कसं राहायचं?"

"आणि नाही निघालं तर त्याच्या पोरांनी कुठं राहायचं?"

जेवण तसंच राहिलं.

गुरुवारी सकाळीच ते व्याह्यांकडे गेले. त्या दिवशी चौकशीसाठी खाण बंद असल्यामुळे व्याही घरीच होते. मुलीनं चहा ठेवला, वडिलांच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि आत न जाता दाराशीच उभी राहिली.

"अहो व्याही," मास्तरांनी सुरुवात केली, "उद्या मी खरं सांगणार आहे."

"काय खरं?" व्याह्यांचा आवाज चढला. "मी बघितलं होतं! बाराला छत ठणठणीत होतं. मी खोटी खूण केली नाही."

"ती तुमच्या पाळीची तपासणी झाली. माझ्या पाळीची कुठे होती?"

"तुमच्या गुडघ्यासाठी केलं मी! कुत्र्यासारखे केकाटत बसला होतात तिथं. दया आली म्हणून केलं. आणि आता मलाच लटकवता?"

"माझं मी सांगतो. तुमचं नाव घेणार नाही."

"नाव घेणार नाही म्हणे! ती रेघ माझ्या बापानं ओढली का? सगळी खाण ओळखते माझी रेघ!" व्याही उठून उभे राहिले आणि जमिनीवर असूनही त्यांचं अहोजाहो सुटलं. "अरे, गप्प बस ना! तू गप्प बसलास तर कुणाचं काय जातंय?"

"पाय गेला त्याचा!" मास्तर इतक्या जोरात ओरडले की शेजारची खिडकी उघडली. "तो मला सांगायला आला होता. खडे गळतायत म्हणाला. कामगारानं जे करायचं ते त्यानं केलं. धोका दिसला की सांगायचं, त्यानं सांगितलं. जादा टेकू लावायचा, तोही लावत होता. त्या अख्ख्या खाणीत त्या दिवशी एकाच माणसानं कायदा पाळला आणि सही त्याच्याकडून घेतायत!"

चहा उतू गेला. मुलगी हललीही नाही.

शुक्रवारची चौकशी कामगारांना नियम शिकवायच्या हॉलमध्ये झाली. भिंतीवर टेकूंची चित्रं होती. खाण निरीक्षक एक बाई होत्या, मास्तरांच्या मुलीपेक्षा थोड्या मोठ्या, बुटांना अजून खाणीतली काळी माती लागलेली. त्या सकाळी स्वतः नऊ नंबरपर्यंत रांगत जाऊन आल्या होत्या. मॅनेजर साहेब नव्हते गेले.

बाईंनी वही मास्तरांसमोर ठेवली. "नववी ओळ वाचा."

"हे ठिकाण मी स्वतः जाऊन तपासले," मास्तरांनी वाचलं.

"सही तुमची?"

"सही माझी आहे. वाक्य खोटं आहे."

हॉलमध्ये खुर्च्या वाजल्या. मॅनेजर साहेब म्हणाले, "ते धक्क्यात आहेत, मॅडम."

"मी धक्क्यात नाही!" मास्तरांनी टेबलावर हात आपटला. "चार महिने मी नऊमध्ये गेलेलो नाही. माझा गुडघा गेलाय आणि मी तो लपवला. खूण माझ्या हातची नाही. ती मला मिळत होती आणि मी घेत होतो. मंगळवारी तो माणूस मला सांगायला आला, खडे गळतायत म्हणून, आणि मी त्याला हाकलून परत आत पाठवलं. तो टेकूच्या पुढे नव्हता. मी बघितलंय, तो अलीकडे होता. लिहून घ्या हे. आणि साहेब, तुम्ही या चार महिन्यांत दोनदा आला होता, तेव्हा मी नऊच्या तोंडाशी बसलेला होतो. तुम्ही म्हणालात, बसा, बसा, उठू नका. सुपरवायझर बसलाय आणि वहीत नऊ सह्या आहेत, हे बघायचं कर्तव्य कुणाचं होतं? तेही लिहून घ्या!"

साहेबांचा चेहरा उतरला. बाई शांतपणे लिहीत होत्या. लिहून झाल्यावर त्यांनी मान वर केली.

"खूण कुणी केली?"

मास्तरांनी ओठ घट्ट मिटले. आयुष्यभर त्यांनी लोकांची नावं वहीत चढवली होती, काडेपेटीसाठी, सैल टेकूसाठी, डब्याच्या अडकणीसाठी. हे एक नाव तोंडातून निघेना, आणि न सांगणं हाही गुन्हाच होता, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं.

मागच्या रांगेत खुर्ची सरकली. "मी," व्याही म्हणाले. मास्तरांकडे त्यांनी बघितलं नाही. "रेघ माझी आहे. लिहा."

दोघांचे परवाने त्याच दिवशी काढून घेतले. मॅनेजर साहेबांना नोटीस आली. पुढे तिचं काय झालं ते अजून कुणाला कळलेलं नाही. लांब्याचा कागद बाईंनी मागवून घेऊन स्वतः फाडला, त्याची खोली राहिली. व्याह्यांनी मास्तरांशी बोलणं टाकलं. मुलगी रोज फोन करायची ती आता करत नाही. तिची आई वाट बघत फोनजवळ बसते आणि मास्तरांना काही म्हणत नाही. त्यापेक्षा म्हणाली असती तर बरं झालं असतं.

चौकशी संपल्यावर मास्तर सरळ दवाखान्यात गेले होते. काठी जमा केली होती, त्यामुळे भिंतीला धरत धरत. लांब्याची बायको पाणी आणायला गेली होती. मास्तर खाटेपाशी उभे राहिले आणि सगळं सांगितलं, पहिल्यांदाच आयुष्यात आवाज न चढवता. नऊमध्ये मी गेलोच नव्हतो. खूण माझी नव्हती. तुझी काहीही चूक नाही.

त्यांना वाटलं होतं, आता हा शिव्या देईल. द्याव्यात अशीच त्यांची इच्छा होती. त्यासाठी त्यांनी मान खाली घालून ठेवली होती.

लांब्या चादरीखालच्या सपाट जागेकडे बघत होता. मग काहीतरी म्हणाला. मास्तरांना ऐकू आलं नाही. ते खाली वाकले, कान त्याच्या तोंडापाशी नेला.

"मी मोठ्यानं बोलायला हवं होतं का मास्तर?" लांब्या विचारत होता. "तुम्ही नेहमी सांगायचात. त्या दिवशी जरा मोठ्यानं बोललो असतो, तर आला असता का तुम्ही?"

तो टोमणा नव्हता. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"नाही रे," मास्तर म्हणाले. "तुझं बोलणं मला नीट ऐकू आलं होतं."